वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा स्विंग

प्रश्न : १९३० आणि १९४०च्या दशकांतील ‘स्विंग’ या नाचाच्या ठेक्यातील जॅझ शैलीच्या अमेरिकन वाद्यवृंदांच्या चित्रफिती मी आवडीने पाहतो. पुष्कळदा वादकांची बोटे आणि ऐकू येणारे स्वर जुळत नाहीत. एका फितीत तर सगळे ट्रम्पेटवादक डाव्या हाताने कळा दाबताना दिसले. ही मंडळी खरोखर वाजवत होती का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : वाजवत होती, परंतु बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोर नव्हे. स्टुडिओत संगीत आधी ध्वनिमुद्रित केले जाई आणि चित्रीकरणाच्या वेळी तेच लावून वादकांकडून त्याबरहुकूम हालचाली करून घेतल्या जात. गाण्याला ओठ जुळवणे सरावाने जमते. जॅझमधील एकलवादन मात्र त्या क्षणी सुचलेले असते, आणि तेच पुढे बोटांनी तंतोतंत करून दाखवणे ते मूळ वाजवणाऱ्यालाही अवघड जाते.

डावखुऱ्या ट्रम्पेटवादकांचे कारण वेगळे आहे. आपण पाहिलेली फीत बहुधा ‘साउंडी’ असावी. १९४० ते १९४७ या काळात अमेरिकेतील बार आणि उपाहारगृहांत ‘पॅनोरम’ नावाचे यंत्र असे. त्यात दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांची एक फीत, म्हणजेच साउंडी, दिसे. कपाटाएवढ्या या यंत्रात चित्र आरशांवरून परावर्तित होऊन मागच्या बाजूने पडद्यावर पडत असल्यामुळे फितीच्या प्रती मुद्दाम उलट छापल्या जात, आणि अशी प्रत साध्या प्रोजेक्टरवर चालवली की डावे-उजवे बदलते. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाने १९४१मध्ये केलेली ‘हॉट चॉकलेट’ ही साउंडी अवश्य पाहावी; त्यातील रचना म्हणजे त्यांचीच ‘कॉटन टेल’, आणि लिंडी हॉप या जोडीनृत्यातील नर्तकांचा वेग तर थक्क करणारा आहे.

तरीही आधी मुद्रित केलेले सारेच निर्जीव असते असे मानू नये. छायाचित्रकार जॉन मिली यांनी दिग्दर्शित केलेला ‘जॅमिन द ब्लूज’ हा १९४४चा सुमारे दहा मिनिटांचा लघुपट याच पद्धतीने झाला. पण सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांची पसरट हॅट, सिगारेटचा धूर आणि काळ्या-पांढऱ्याचा तो कठोर विरोध पाहताना जुळणीतील उणिवा शोधत बसावेसे वाटत नाही. त्यातील गिटारवादक बार्नी केसेल हे एकटेच गोरे. गोरे आणि काळे वादक एकत्र दाखवणे स्टुडिओला नको होते, म्हणून त्यांना सावलीत ठेवण्यात आले आणि बोटे काळसर दिसावीत यासाठी बेरीचा रस लावण्यात आला, असे सांगितले जाते. संगीतात जी सरमिसळ सहज झाली होती, ती पडद्यावर अशी लपवावी लागली.

प्रश्न : मग खरोखर प्रत्यक्ष वाजवलेले काय पाहावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीने थेट प्रक्षेपित केलेला ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम. स्विंगचा भर तोवर ओसरला होता, पण काउंट बेसी, कोलमन हॉकिन्स, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज असे त्या पिढीतील दिग्गज येथे एकत्र आहेत. गायिका बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ गातात, तेव्हा प्रकृती खालावलेले लेस्टर यंग उठून अवघे एक आवर्तन, मोजके स्वर घेऊन वाजवतात, आणि ते ऐकताना हॉलिडे यांची मान हळूहळू डोलू लागते. यातले काहीच आधी ठरवून बसवलेले वाटत नाही. या दोघांचेही १९५९मध्ये निधन झाले. एक सावधगिरी मात्र बाळगावी : याच नावाची कोलंबिया कंपनीची लाँगप्ले ध्वनिमुद्रिका काही दिवस आधी स्वतंत्रपणे मुद्रित झाली होती, त्यामुळे प्रक्षेपणातील वादन तिच्यात सापडणार नाही.

प्रश्न : आपल्या चित्रपटांत या स्विंगचा काही माग आहे का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : आहे. सी. रामचंद्र यांच्या संगीतातील स्विंगमागे गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे, आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.