दुर्बिणीचे सत्तर हजार सध्या राहू द्या

नमस्कार. तुम्ही फोंड्याहून लिहिलंय: मुलगी बीएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, तारकागुच्छांतल्या क्ष-किरण जोडताऱ्यांचे (मृत, दाट ताऱ्यावर सोबतच्या ताऱ्याचा वायू पडून क्ष-किरण सोडणाऱ्या जोड्यांचे) दृश्य प्रकाशातले जोडीदार, म्हणजे साध्या प्रकाशात दिसणारे नेमके तारे, शोधायचं तिच्या मनात आहे. सत्तर हजारांची दुर्बीण घ्यावी का, आणि यात पोट भरतं का?

दुर्बीण नको. एम १५ हा गोलाकार तारकागुच्छ ऑक्टोबरात रात्री साडेआठला गोव्यात जवळजवळ डोक्यावर येतो, पण हवेमुळे एकेक तारा आर्कसेकंदभर (अंशाचा ३६०० वा भाग) पसरतो आणि गाभ्यात तेवढ्या जागेत कितीतरी तारे असतात. या गाभ्यात एकच क्ष-किरण स्रोत आहे असं धरून चालत आणि एसी २११ हा तारा त्याचा जोडीदार मानत. त्याचे क्ष-किरण स्फोट मात्र एसी २११ च्या स्वभावाशी जुळेनात. २००१ मध्ये चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने जेमतेम २.७ आर्कसेकंद अंतरावरचे दोन स्रोत सुटे दाखवले, तेव्हा कोडं सुटलं: स्फोट दुसऱ्या स्रोताचे होते.

तिला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप द्या. हबल अवकाश दुर्बीण आणि चंद्राचा जुना डेटा फुकट मिळतो. सुरुवात एनजीसी ६३९७ या गोलाकार तारकागुच्छापासून करावी: २०१० च्या अभ्यासात तिथल्या ७९ क्ष-किरण स्रोतांपैकी ६९ चे संभाव्य जोडीदार मिळाले होते, म्हणजे स्वतःचं उत्तर ताडून पाहता येईल.

आधी हबलची चित्रं गाइया या उपग्रहाने अचूक मोजलेल्या ताऱ्यांच्या जागांवर बसवायची. मग क्ष-किरण स्रोत आणि त्याचा तारा अशा खात्रीच्या चार-पाच जोड्या घेऊन चंद्राच्या जागांची सरासरी सरक काढून टाकायची. इथे अर्ध्या आर्कसेकंदाची चूक राहिली, तर पुढचं सगळं शेजारच्या ताऱ्याचं मोजमाप होतं. नंतर प्रत्येक स्रोताभोवती, तो जिथे असू शकतो तेवढं, वर्तुळ आखून त्यातल्या प्रत्येक ताऱ्याची तेजस्विता पीएसएफ (एका ताऱ्याचा उजेड चित्रात कसा पसरतो तो आकार) बसवून मोजायची, कारण गर्दीत साधं वर्तुळ आखून मोजलं तर शेजाऱ्याचा उजेड मिसळतो. निळा आणि हायड्रोजन-अल्फा (तप्त हायड्रोजनचा तांबडा प्रकाश) फिल्टरमध्ये जास्त उजळ, असा तारा हवा. सर्वांत ठळक तारा उचलायचा मोह होतो. तो बहुधा निरुपद्रवी तांबडा राक्षसी तारा निघतो. एकाच फ्रेममध्ये दिसणारा ‘निळा तारा’ हा वैश्विक किरणाचा डाग असू शकतो. शेवटी स्रोतांभोवतीची वर्तुळं पाच आर्कसेकंद इकडेतिकडे सरकवून तशीच मोजणी करायची: तिथेही तितकेच उमेदवार सापडले, तर जुळणी योगायोगाची.

पोटाचं म्हणाल तर, एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट या प्रवेश परीक्षा. एमएस्सी ताळगावला गोवा विद्यापीठातही होते. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा, कायम जागा थोड्या. मात्र प्रतिमा आणि संख्याशास्त्र हाताळायची सवय डेटाच्या इतर नोकऱ्यांतही चालते. या मे महिन्यात तिने दहा स्रोत जुळवून पाहावेत. दहावा करतानाही तिला कंटाळा आला नाही, तर जॅमचा फॉर्म भरा.