शेतकऱ्यांना कीटकनाशक-तणनाशक नीट वापरायला कसं शिकवावं?

शेतकऱ्यांच्या गटाला फवारणीबद्दल शिकवायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी अशी प्रशिक्षणं घेतो. माझं ऐकाल तर तक्ते, भाषणं बाजूला ठेवा, पंपात साधं पाणी भरा आणि थेट शेतात जा.

खरी गोम औषध मोजायच्या टोपणात आहे. मात्रा एकरावर ठरते, शेतकरी ती पंपावर धरतो. म्हणून दहा बाय दहा मीटर जागा आखा, त्याला नेहमीच्या चालीने फवारू द्या आणि पाणी किती लागलं ते मोजा. 4 लिटर लागलं तर एकराला साधारण 160 लिटर, म्हणजे 16 लिटरचे 10 पंप. एकराची मात्रा भागिले दहा, तेवढीच एका पंपात. मग तीच जागा दुसऱ्याला फवारायला लावा. त्याचा आकडा बहुधा वेगळाच येतो, आणि त्यावर जी चर्चा रंगते ती तुमच्या तासाभराच्या भाषणाला भारी पडते.

पुढच्या पंपात खायचा रंग टाका आणि फवारणाऱ्याला जुना पांढरा सदरा द्या. पाठीवर, मनगटांवर, मांड्यांवर डाग दिसले की वेगळं सांगावं लागत नाही. विष नाकातोंडातूनच जातं असा समज असतो. फवारताना ते त्वचेतूनच जास्त जातं. सगळ्यात जपायची वेळ मात्र बाटली उघडून औषध कालवण्याची, कारण तेव्हा ते सर्वांत तीव्र असतं. हातमोजे तेव्हापासूनच हवेत. हे कपडे घरी जो धुतो त्यालाही प्रशिक्षणाला बोलवा.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायला सांगा. 2,4-डी या तणनाशकाचा अंश धुतलेल्या पंपातही राहतो आणि तोच पंप कापसावर मारला की पानं वेडीवाकडी होतात. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक गढूळ पाण्यात कालवलं तर मातीच्या कणांना चिकटतं, तण तसंच उभं राहतं आणि औषध बनावट ठरतं. (कधीकधी ते असतंही.)

‘औषध लागूच पडत नाही’ ही तक्रार आली की आधीच्या बाटल्या मागवा. नावं निराळी, आत घटक तोच. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही कीटकनाशकं तर घटक वेगळे असूनही एकाच गटातले, त्यामुळे पालटून मारले तरी किडीला फारसा फरक पडत नाही. लेबलची अक्षरं बारीक असतात, मोबाइलवर फोटो काढून मोठी करून वाचायला लावा. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची तेही तिथेच सापडतं. ती तारीख फवारणीच्या दिवशीच त्याच्या हाताने लिहून घ्या.