तिसऱ्यांदा ‘नीट’ द्यावी का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातला विद्यार्थी आहे. बारावी विज्ञानानंतर ‘नीट’मध्ये मला ३७२ गुण मिळाले. एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा ३९८ झाले : जीवशास्त्र २७०, रसायनशास्त्र ८८ आणि भौतिकशास्त्र ४०. वडील आणखी एक वर्ष द्यायला तयार आहेत. मला मात्र सीईटीच्या आधारे बी.एस्सी. कृषीला प्रवेश घ्यावासा वाटतो. काय करावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. भौतिकशास्त्रात १८० पैकी ४० गुण, तेही वर्षभर फक्त याच परीक्षेचा अभ्यास केल्यानंतर, याचा अर्थ अकरावीचा पायाच कच्चा राहिला आहे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, त्यामुळे अंदाजाने उत्तरे देऊन ही तूट भरून निघणार नाही. त्याच शिकवणीत, त्याच टिपणांवर तिसरे वर्ष घालवणार असाल तर वडिलांना स्पष्ट नकार द्यावा, असे माझे मत आहे. अकरावीच्या यांत्रिकीपासून गणिते स्वतः सोडवत पुन्हा सुरुवात करण्याची तयारी असेल, तरच या वर्षाचा विचार करावा.

कृषी पदवीकडे अनेक घरांत ‘मेडिकल हुकले म्हणून’ पाहिले जाते, ते मला पटत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठांशी निगडित महाविद्यालयांत हा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. त्यात मृदशास्त्र, वनस्पती प्रजनन, कीटकशास्त्र, कृषी अर्थशास्त्र असे विषय असून, ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. तुमचे जीवशास्त्र येथे उपयोगी पडेल, पण रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र टाळता येणार नाही. पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगामार्फत होणारी कृषी सेवेची भरती, बँकांतील कृषी अधिकाऱ्यांची पदे, बियाणे उद्योग आणि पदव्युत्तर संशोधन असे मार्ग आहेत. सरकारी नोकरीच हवी असेल, तर तेथेही स्पर्धा परीक्षा आहेच, हे वडिलांपासून लपवू नका.

प्रवेश घेऊन पुन्हा ‘नीट’ देण्यास नियमांची आडकाठी नाही. परंतु उपस्थिती, प्रात्यक्षिके आणि सत्र परीक्षा सांभाळून ती तयारी होईल, असे मला वाटत नाही. अर्ज भरताना पसंतीक्रमात शासकीय महाविद्यालये आधी लिहावीत, कारण खासगी महाविद्यालयांचे शुल्क बरेच जास्त असते. आरक्षण लागू असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रे आताच तपासून घ्यावीत.