कॉलिन्सच्या 628 धावा: आधी फोड पाहा

प्रश्न दोन आहेत. 1899 मध्ये इंग्लंडमधल्या शाळेच्या सामन्यात तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद 628 काढल्या त्या मैदान लहान होतं म्हणून का? आणि एवढा फलंदाज पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये का दिसला नाही?

मैदानाचं उत्तर धावांच्या फोडीतच आहे : 1 षटकार, 4 पंचे, 31 चौकार, 33 तिहेरी, 146 दुहेरी, 87 एकेरी. बेरीज करून बघा, बरोबर 628 येते. एवढ्या दुहेरी धावा का? ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजमधल्या त्या मैदानाची एक बाजू फार जवळ होती, पण तिकडे सीमेपार फटका गेला तर दोनच धावा मिळत. दुसरीकडे उतार. तिथली प्रत्येक धाव पळून काढायची. म्हणजे जवळच्या सीमेचा फायदा होताच, पण त्याची किंमत नियमानेच कमी केलेली होती.

या खेळीबद्दल ‘चार दिवस खेळत होता’ असं म्हटलं जातं, ते मात्र दिशाभूल करतं. 22 जून 1899 ला सुरू झालेला हा शाळेतल्या दोन हाउसमधला (विद्यार्थ्यांच्या गटांमधला) सामना, कॉलिन्सचं क्लार्क्स विरुद्ध नॉर्थ टाउन. खेळ दुपारीच व्हायचा, तिसऱ्या दिवशी तर जेमतेम 55 मिनिटं. प्रत्यक्ष फलंदाजी 6 तास 50 मिनिटं. क्षेत्ररक्षण शाळकरीच होतं, झेल बरेच सुटले, हेही मान्य करायला हवं. संघाच्या 836 पैकी शेवटच्या जोडीने 183 जोडल्या, त्यात त्याचा शेवटचा जोडीदार रेडफर्नच्या फक्त 13! शिवाय कॉलिन्सने दोन्ही डावांत मिळून 11 बळी घेतले. नॉर्थ टाउन 87 आणि 61 वर आटोपले. एक डाव 688 धावांनी विजय.

प्रथम श्रेणीचं कारण साधं आहे. तो वुलिचच्या लष्करी अकादमीत गेला, मग ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनियर्स या दलात अधिकारी झाला. लॉर्ड्सवर खेळला, पण आपल्या या दलाकडून. जन्म हजारीबागचा, नोकरीही काही काळ हिंदुस्थानात. 11 नोव्हेंबर 1914 ला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत 29 व्या वर्षी मारला गेला.

एका डावातल्या सर्वाधिक वैयक्तिक धावांचा त्याचा उच्चांक जानेवारी 2016 मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद 1009 करून मोडला. दोघांची तुलना करताना थेट आकडे शेजारी ठेवू नका. प्रणवच्या 129 चौकार आणि 59 षटकारांच्याच 870 होतात. कॉलिन्सच्या चार किंवा त्याहून मोठ्या फटक्यांच्या सगळ्या मिळून 150.