जुलैत जाताय? स्वेटर भरा

प्रश्न: मुलगी सनीव्हेलला असते, जुलैमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच चाललोय. सॅन फ्रान्सिस्को बघायचंय पण ह्यांचे गुडघे दुखतात आणि तिथे म्हणे नुसते चढच चढ. शिवाय मुलगी म्हणते एक दिवस वाईनवाल्या भागात जाऊ. आम्ही दोघंही घेत नाही, द्राक्षबागा नाशिकला पाहिल्यात, मग जावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे स्वेटर. सोलापूरच्या माणसाला जुलै म्हटल्यावर हे सुचणारच नाही, पण कॅलिफोर्नियाचा आतला भाग तापला की समुद्रावरची गार हवा आणि धुकं गोल्डन गेटच्या फटीतून, म्हणजे त्या प्रसिद्ध पुलाखालच्या सामुद्रधुनीतून, आत ओढलं जातं आणि शहर अक्षरशः कुडकुडतं. सकाळी पूल दिसला नाही तर चिडचिड नको, दुपारी परत जा.

चढ खरेच आहेत, पण ते चढायला केबल कार आहे ना, 1873 पासून! रस्त्याखाली सतत फिरणारी दोरी असते, गाडी तिला पकडते आणि वर जाते, बस. पॉवेल स्ट्रीटला जीवघेणी रांग असते म्हणून कॅलिफोर्निया स्ट्रीटची लाईन घ्या, गर्दी बरीच कमी. मेसन स्ट्रीटवर केबल कारचं म्युझियम आहे, फुकट, दोऱ्या ओढणारी भलीमोठी चाकं प्रत्यक्ष फिरताना दिसतात, काकांना नक्की आवडेल. लोम्बार्ड स्ट्रीटची आठ वळणं खालूनच बघा, पायऱ्या उतरायचा हट्ट नको.

वाईनचं म्हणाल तर जा. त्या भागात नापा आणि सोनोमा अशी दोन शेजारशेजारची ठिकाणं आहेत; नापाला नको, सोनोमाला जा. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावं न बघता नापाच्या वाईनला पहिला नंबर दिला, तेव्हापासून नापाचा भाव चढलेलाच आहे आणि नुसती चव घ्यायलाही आधी बुकिंग आणि भरपूर डॉलर. न पिणाऱ्याने ते कशाला भरायचे? बागा रस्त्यावरूनही दिसतात. नाशिकला जुलैत वेलीवर घड नसतात, तिथे मात्र हिरवे घड लटकलेले असतील, तोडणी ऑगस्टपासून पुढे. आणि गंमत म्हणजे दिवसा ऊन असलं तरी रात्री तेच समुद्रावरचं धुकं बागा गार करतं, त्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो.

सनीव्हेलहून दोन तास तरी धरा, सकाळी लवकर निघा. सोनोमा गावात मधोमध मोठा चौक आहे, झाडं, बाकं, कोपऱ्यावर 1823 चं जुनं मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं), सगळं सपाट, गुडघ्यांना त्रास नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत असणारच तुमच्या, तिथेच सोडा डबा.