केकमध्ये गाईच्या दुधाऐवजी कोणतं दूध घालावं? तेच रश्श्यातही चालेल का?

केकसाठी बिनसाखरेचं सोया दूध घ्या, रश्श्यासाठी मात्र नारळाचंच. सोया दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, म्हणून केक नीट धरतो आणि वरून छान तांबूस होतो. बदामाचं विकतचं दूध त्यामानाने फार पातळ. बिनअंड्याच्या केकसाठी 1 कप सोया दुधात 1 मोठा चमचा व्हिनेगर घालून 10 मिनिटं ठेवा. कडेला बारीक गुठळ्या दिसल्या तर घाबरू नका, तेच हवंय. या आंबटपणानेच खायचा सोडा फुलतो. हेच दूध उकळत्या टोमॅटोच्या रश्श्यात ओतलंत तर आंबट आणि उष्णता एकदम लागून फाटेल. तिथे नारळाचं दाट दूध, तेही अगदी शेवटी, गॅस बारीक करून. खळखळून उकळी आली तर तेही फुटतं.