एवढं समजावलं, तरी ऐकत नाहीत!

"जीव तोडून सांगते, तरी त्यांना पटत नाही." डॉक्टर, शिक्षक, विज्ञानप्रसार करणारी मंडळी, सगळ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एका लस-संशोधक बाईंची हकिगत सांगतेच. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

सुट्टीच्या दिवशी त्या शाळांमध्ये जाऊन लस कशी काम करते ते शिकवायच्या. मुलं प्रश्नांनी भंडावून सोडत. घरी मात्र वहिनीने लेकीला गोवराच्या लशीचा दुसरा डोस द्यायला नकार दिला होता, कारण पहिल्या डोसनंतर आठवड्याभराने बाळाला ताप आला होता.

"त्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो, म्हणून ताप आलाच तर असा उशिरा येतो. आकृत्या काढून सांगितलं मी तिला, एका रात्रीत चारदा! माझ्या शिक्षणाचा उपयोग काय मग?"

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसलाय, त्यामुळे माझे कान अशा वेळी तक्रारीमागचा हट्ट शोधतात. मला एवढं कळतं, तर तिने मानलंच पाहिजे. नाही मानलं तर मी कुचकामी. हे तोंडावर सांगितलं असतं, तर बाईंनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पाचवी आकृती काढली असती. म्हणून मी त्यांच्याच विषयात शिरले.

"दोन डोसमध्ये अंतर का ठेवतात हो?"

त्या खुलल्या. लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बदलत जातात, विषाणूला अधिक घट्ट चिकटणाऱ्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी टिकतात, याला कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर प्रतिसाद कमी पडू शकतो.

"आणि पहिल्या डोसने प्रतिकारशक्ती आलीच नाही, अशी मुलं?"

"असतात की थोडी. म्हणून तर गोवराचा दुसरा डोस."

"त्यांचा राग येतो?"

"राग कशाला येई..." त्या मध्येच थांबल्या, मग खळखळून हसल्या. "वहिनीला मी एका रात्रीत चार डोस दिले!"

थोडं स्वतःचं कौतुक करते: प्रश्न माझे होते, पण उत्तर त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. असं उत्तर माणूस विसरत नाही.

तुमचीही हीच तक्रार असेल, तर माहिती काही दिवस बाजूला ठेवा. "नक्की कशाची भीती वाटते?" एवढंच विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. समोरचा गप्प राहिला तर विषय तिथेच सोडा, पुन्हा कधीतरी काढा. बाईंनी असं विचारलं तेव्हा वहिनींनी सांगितलं, बाळाला ताप आला त्या रात्री त्या घरी एकट्या होत्या. ताप चढून बाळाला झटका आला असता तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकाही आकृतीत याचं उत्तर नव्हतं. अशा शंकेला, विशेषतः आधी झटका किंवा तीव्र ॲलर्जी येऊन गेली असेल तर, बालरोगतज्ज्ञच हवेत. नणंदेने तिथे सोबत जावं, भाषण देऊ नये.

वहिनींनी डॉक्टरांना सगळं विचारून दुसऱ्या डोसची तारीख घेतली. भाऊ अजून कुरकुरतो. त्याच्याशी बाई सध्या लशीबद्दल बोलत नाहीत.